पेटीचा पंखा

पल्लवीचा फोन आला की आईच्या उशाशी ठेवलेल्या पेटीचा पंखा घुमायला लागे. आधी हलकेच, शेजारच्या घरात कोणी मिक्सर लावावा तसा. मग असा भरभरून की स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या त्रिशलाला तो पाण्याच्या नळावरूनही ऐकू येई. पंखा घुमतो म्हणजे पेटी तापली. पेटी तापली म्हणजे आई बोलतेय. नुसती बोलत नाही, रंगात येऊन बोलतेय.

त्रिशलाशी बोलताना तो पंखा कधी घुमला नाही.

"पाणी," आई म्हणे. "खिडकी." "असू दे." एवढ्याने पेटी कशाला तापेल?

आई म्हणजे सुमतीबाई मगदूम. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अख्खी नोकरी ऑपरेटर म्हणून काढली. परगावी फोन लावायचा तर नंबर सांगून तासन्‌तास वाट बघायची, तो ट्रंक कॉलचा जमाना; दर तीन मिनिटांनी ऑपरेटरने मध्ये येऊन वेळ वाढवायची का ते विचारायचं. तिन्हीसांजेला वीज गेली की दोन्ही मुलींना मांडीशी घेऊन त्या गोष्ट सांगत आणि ऐन रंगात आली की थांबून एक्स्चेंजमधल्या आवाजात विचारत, "तीन मिनिटं झाली आहेत. वाढवायचं का?" मुली किंचाळत, "वाढवा, बाई, वाढवा!" त्यातही आई नेमकी धाकटीकडे बघून वाढवते, असं त्रिशलाला तेव्हाही वाटायचं.

गेल्या वर्षी सुमतीबाईंना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, आत शब्दही तयार होते, ओठांपर्यंत येत नव्हते. मिरजेच्या डॉक्टरांनी कवटीखाली, मेंदूच्या बोलण्याच्या भागावर, एक जाळी बसवली. दुधावरच्या सायीपेक्षा पातळ. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा त्या भागात जी हालचाल होते ती जाळी टिपते. वायरीने ती पेटीकडे जाते, पेटीतला प्रोग्रॅम तिचं वाक्य करतो आणि ते बाईंच्याच जुन्या आवाजात बोलतो. तो आवाज बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंचकल्याणक पूजेच्या आणि घरातल्या बारशांच्या व्हिडिओंतून वेचून काढलेला होता.

यातली खरी करामत पुढेच आहे. माणूस सगळ्यांशी एकसारखं बोलत नाही. दूधवाल्याशी वेगळं, व्याह्यांशी वेगळं, पोटच्या मुलीशी वेगळं. पेटी हे शिकली होती. ज्याच्याशी म्हणून बाई चार वेळा बोलल्या त्याच्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक शाखा फुटली होती. त्या माणसाशी चालणारी थट्टा, टोमणे, अर्धी सोडलेली वाक्यं, सगळं त्या शाखेत.

"अक्का!" पल्लवी फोनवरून ओरडली. ही धाकटी रॉटरडॅमला असते. तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करते, म्हणजे इकडे चहाची वेळ. "आई काय फॉर्मात आहे आज! म्हणते, तुझ्या नवऱ्याला सांग, आधी भांडी घास, मग योगासनं कर. माझ्या टेबलावरचे सगळे बघायला लागले, एवढी हसले मी."

"होय की," त्रिशला म्हणाली.

"तुझ्याशी तर दिवसभर चालू असेल. मजा आहे बाई तुझी."

त्रिशलाने कणकेवर ओलं फडकं टाकलं. तिचा आवाज कधी चढत नसे. "मजाच आहे," ती म्हणाली.

*

इस्पितळातल्या यंत्रविभागात रमीझ मुल्ला होता. पुण्याच्या एका कंपनीत तो आणि त्रिशला बरोबर कामाला होते. आता तो गावी परतला होता, ती घरी बसून काम करत होती. अजूनही तो तिला ताईच म्हणे.

"पेटी काढायची, ताई. कानामागे बटणाएवढी चिप बसवायची. वायर नाही, पंखा नाही. आई बस्तीत दर्शनाला जातील, भाजीला जातील."

"आणि गोम काय?"

रमीझ हसला. "तुम्हाला गोम आधी लागते. गोम ही की चिप हाडाला चिकटून बसणार. ती तापून चालत नाही, जराही नाही. म्हणून प्रोग्रॅम छाटावा लागतो. रोजची साधी भाषा मावते. आणि एक शाखा."

"एकच?"

"एकच. बाकीच्यांशी आई बोलतील की. पण बँकेच्या काउंटरवर बोलतात तसं. तुम्ही, आपण, कृपया. त्यात जीव नसतो."

त्रिशलाने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "कुठली शाखा ठेवायची, हे आईला विचारायचं ना?"

"पूर्वी विचारायचो. एका आजींनी नातसुनेचं नाव सांगितलं. दोन्ही मुलगे त्या दिवसापासून आजींना भेटायला आले नाहीत. घरं मोडायला लागली, ताई. आता इस्पितळाचा नियमच आहे, पेशंटला विचारायचं नाही आणि नातेवाइकांना तर नाहीच. प्रोफाइल घ्यायची. प्रोफाइलमध्ये जी शाखा सगळ्यात रुंद दिसेल ती राहील."

प्रोफाइल घेणं ही त्रिशलाची रोजीरोटी. संथ चाललेला प्रोग्रॅम लोक तिच्याकडे घेऊन येत, नाडी बघायला वैद्याकडे जावं तसे. संगणकाच्या काळ्या खिडकीत ती एका ओळीची कमांड लिही. ती कमांड प्रोग्रॅमला थांबवत नाही, हातही लावत नाही. फक्त सेकंदाला शेकडो वेळा डोकावून विचारते, आत्ता काय करतोयस? आणि हे काम तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी? उत्तर टिपून पुढच्या क्षणी पुन्हा डोकावते. अशा असंख्य डोकावण्यांची थप्पी रचली की एक चित्र उभं राहतं. तळाशी मूळ काम, त्यावर त्याने सांगितलेलं काम, त्यावर त्याने सांगितलेलं. पट्ट्यांचे कळस वर निमुळते होत जातात आणि रंग लाल-केशरी असतात, म्हणून या धंद्यात त्याला ज्वाला म्हणतात. वाचायचं मात्र उंचीवरून नाही. पट्टी जितकी रुंद, तितका वेळ तिथे गेला.

"प्रोफाइल मीच घेते घरी," त्रिशला म्हणाली. "चालेल?"

"तुमच्याइतकी चांगली कोण घेणार?" रमीझ म्हणाला.

*

पहिल्या दिवसाची ज्वाला तिने संध्याकाळी उघडली.

पडद्यावर या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत एकच शाखा पेटली होती. पल्लवी. तिच्यावर पट्ट्यांवर पट्ट्या: शब्द शोधणे, वाक्य जुळवणे, मोडणे, पुन्हा जुळवणे, सूर लावणे. उजवीकडे किरकोळ माणसांच्या किरकोळ पट्ट्या. आणि त्यांच्यात, माउस नेमका नेऊन ठेवला तरच नाव दिसेल अशी एक रेघ. त्रिशला.

एक फोन. बाकी अख्खा दिवस आई माझ्याजवळ. तिचं अंथरूण मी काढते, तिचं पाणी मी गाळते, तिचे केस मी विंचरते. आणि माझ्या वाट्याला ही रेघ, कंगव्याच्या दातात अडकलेल्या केसाएवढी.

पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही.

त्रिशला व्रतस्थ बाई. सकाळी बस्तीत अभिषेक बघून आल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. मग सामायिक, म्हणजे दोन घटका डोळे मिटून ध्यान, न हलता, न बोलता. जेवण सूर्य मावळायच्या आत, तेही मौनाने. आणि रोज सकाळी देवासमोर उभं राहून त्या दिवसापुरतं काहीतरी सोडायचं. आज तूप, उद्या हिरवी भाजी. या चातुर्मासात तर मीठच सोडलं होतं. आता देवासमोर हात जोडले की मनात येई, सोडायला निघालेच आहे तर ही आतली जळजळ सोडावी. पण तूप सोडलं की तूप ताटात येत नाही, एवढं सोपं असतं. जळजळ आपणहून ताटात येऊन बसते.

"आई, बरं वाटतंय?" ती मुद्दाम विचारी, पेटीकडे कान देऊन.

"बरं," आई म्हणे. पंखा गप्प.

"काही सांगायचंय?"

आई तिने कानातून काढून हातात धरलेल्या इयरफोनकडे बघे. "असू दे. काम कर तुझं."

बघ, त्रिशला मनाशी म्हणे. तिच्याकडे काम नाही काय? ती काय रिकामी बसून फोन करते?

मग एका दुपारी तिने जे केलं त्याला खोटं म्हणता आलं नसतं. खोटं न बोलण्याचं व्रत तर तिने लहानपणीच घेतलं होतं. तिने फक्त चहाची वेळ व्हायच्या आधी कमांड थांबवली आणि पल्लवीचा फोन संपल्यावर पुन्हा सुरू केली. काही बदललं नाही, काही पुसलं नाही. त्या वेळात नुसतं डोकावलं नाही, इतकंच. आतल्या खोलीत पंखा घुमत होता, आई हसत होती, आणि काळ्या खिडकीत कर्सर मिटमिटत उभा होता.

असं तिने आठवडाभर केलं. मग मोठ्या आशेने ज्वाला उघडली. पल्लवी आता नाहीच; तेव्हा जे काही असेल ते माझंच असणार.

पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं.

दूधवाला, नर्स, शेजारच्या वहिनी आणि तीच एक रेघ. चूल विझल्यावर राखेत चार निखारे दिसावेत तसं चित्र. त्रिशलाला आधी रडूच आलं. पल्लवीला उठवलं तरी तिच्या जागेवर मी बसत नाही.

डोळे पुसताना मात्र तिची नजर चित्राच्या तळाशी गेली. एकूण किती नमुने जमले, तो आकडा तिथे असतो. आकडा फारच छोटा होता. अख्ख्या आठवड्याची नोंद, आणि नमुने म्हणावे तर तासाभराचेही नाहीत. मग उरलेला वेळ गेला कुठे?

कंपनीत नवी मुलं आली की पहिल्याच दिवशी ती त्यांना हे शिकवायची. नेहमीची प्रोफाइल धावत्यालाच विचारते. प्रोग्रॅम धावत असेल तेव्हाच त्याला प्रश्न. तो कशासाठी तरी थांबून राहिला असेल, कोणाची तरी वाट बघत असेल, तर त्याला कोणी विचारत नाही. तो वेळ चित्रात येतच नाही. "निम्मे लोक इथेच फसतात," ती त्यांना सांगायची. "ज्वालेत जे दिसत नाही ते घडलंच नाही, असं समजतात."

थांबण्याची नोंद वेगळी घ्यावी लागते. कमांडमध्ये एकच शब्द घालायचा. मग प्रोग्रॅम जेव्हा जेव्हा थांबेल तेव्हा किती वेळ थांबला आणि कशापायी थांबला, हे लिहिलं जातं.

तिने तो शब्द घातला. या वेळी पल्लवीच्या फोनच्या वेळीही कमांड चालू ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने नोंद उघडली. थांबलेल्या वेळाचं चित्र निळ्या रंगात येतं.

पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा होता. एकच शाखा. त्रिशला.

तिने वर वर जात पट्ट्या वाचल्या. वाक्य तयार. वाक्य तयार. वाक्य तयार. आणि प्रत्येकावर तीच पट्टी: ऐकणारी मोकळी नाही, थांब. त्याच्यावर एक बारीक: फार वेळ झाला, सोडून दे.

हे थांबवायचं बटण पेटीत तिनेच लावलं होतं. पेटी नवीन होती तेव्हा आईच्या मनात आलं की लगेच बोलायची. सामायिकात, जेवणातल्या मौनात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तेव्हा त्रिशलाने पेटीला सांगून ठेवलं होतं की मी सामायिकाला बसले, ताटावर बसले किंवा माझ्या कानात काही असलं की आईचं वाक्य बाहेर सोडायचं नाही. आणि तिच्या कानात सदा काहीतरी असे. दिवसभर ऑफिस. स्वयंपाक करताना महाराजांचं प्रवचन.

शब्द कुठले होते ते चित्रात नव्हतं. प्रोफाइल कुठे आणि किती एवढंच सांगते, काय ते सांगत नाही. निळ्या पट्टीच्या आत आईने काय म्हटलं होतं, ते गेलं होतं.

सूर्य खाली आला होता. जेवायला बसणं भाग होतं. तिने नेहमीसारखं आईचं ताट स्टुलावर मांडलं, आपलं खाली, हात जोडले आणि मौन धरलं. पहिला घास घेतला, दुसरा ताटातच ठेवला. मग ती उठली, पेटीपाशी गेली आणि ते बटण बंद केलं.

मौन तिचं होतं. आईचं नव्हतं.

क्षणभर काही झालं नाही. मग पेटीतून, पंखा जरासुद्धा न घुमता, आईचा आवाज आला.

"आमटीत मीठ नाही."

त्रिशलाने दचकून वर पाहिलं.

"आज नाही, कालही नव्हतं. चातुर्मास लागल्यापासून नाही. मीठ तू सोडलंस, त्रिशा. मी नाही सोडलं."

त्रिशलाने घाईने आईच्या ताटाकडे बोट दाखवलं. डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलेलं होतं. रोजच वाढायची. रोज ते तसंच उरायचं, आणि तिला वाटायचं, आईलाही नको असेल.

"दिसतंय मला ते. कालवू कुठल्या हाताने? डाव्या हातात चमचा धरते, तेच नशीब. चिमूट कशी करणार?"

त्रिशला कपाळावर हात मारून घेणार होती. हात उष्टा होता म्हणून थांबली. तिने डाव्या हाताने ते मीठ आईच्या आमटीत घातलं आणि ढवळलं. आईने एक चमचा घेतला. डोळे मिटले.

"आता कशी जिवात जीव आल्यासारखी लागते. बोलू नकोस, मौन मोडेल तुझं. बरंय, आज तरी माझं ऐकून घेशील. वहिनी येतात त्या पायाला तेल फार थंड लावतात. तुला सांगायचं राहिलं होतं. आणि खिडकीतून तो नवा बिनड्रायव्हरचा टेम्पो दिसतो ना, तो रोज पाटलांच्या फाटकाला घासून जातो. एक दिवस फाटक पाडणार बघ. आणि तू प्रवचन ऐकत भाकऱ्या थापतेस, ताल चुकला की महाराज कुठे थांबले ते मला बाहेर कळतं."

त्रिशला तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळलं नसतं. पेटी गारच होती.

"ती पल्लवी विचारते, कशी आहेस? रोज तेच. मजेत आहे म्हणून सांगावं लागतं. फार कष्ट पडतात गं. एक वाक्य बोलायचं तर चार मोडते. हात जळजळतो असं तोंडावर येतं, ते गिळायचं, त्या जागी विनोद ठेवायचा. दूर आहे ती. सांगून काय होणार? रडेल आणि तशीच कामावर जाईल. फोन ठेवला की मी लोळागोळा होते." आईने दुसरा चमचा घेतला. "तुला सांगायचं तर तुझी लाईन बिझी. आम्हाला शिकवलेलं असायचं, लाईन बिझी असली की मध्ये तोंड घालायचं नाही. थांबायचं. मला काय, थांबायची सवय आहे."

*

रमीझने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. लाल आणि निळं.

"ताई, मधल्या आठवड्यात चहाच्या वेळच्या नोंदी नाहीत."

"मी थांबवली होती," त्रिशला म्हणाली. "तो आठवडा धरू नकोस. त्याच्या पुढची पूर्ण आहे."

त्याने का म्हणून विचारलं नाही. निळ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "पण हे बघून मी म्हणेन की तुमची शाखा ठेवावी. नियमात प्रोफाइल म्हटलंय. धावत्याची की थांबलेल्याची, ते कोणी लिहिलेलं नाही. लिहून देऊ? तुमचा हक्क आहे, ताई."

हे ऐकायलाच ती इतके दिवस जळत होती. आई माझ्याशी बोलेल, मीठ नाही म्हणेल, टेम्पोच्या तक्रारी सांगेल, बस्तीच्या वाटेवर वायरीशिवाय माझ्या हाताला धरून बोलत राहील. आणि रॉटरडॅमला चहाच्या वेळी कोणीतरी म्हणेल, नमस्कार, आपण कशा आहात? ऐकेल मग पल्लवी. एकदा तरी तिला कळेल, रेघेएवढं मिळणं म्हणजे काय.

तोंडात गोड काही असावं तसं तिने हे क्षणभर घोळवलं.

"रमीझ," ती हळूच म्हणाली, "एखादा प्रोग्रॅम संथ असतो तेव्हा आपण आधी काय बघतो?"

"तो कामाने दमलाय की वाट बघत बसलाय."

"आणि दमला असेल तर?"

"काम हलकं करायचं. वेगळी चिप, वेगळी..." बोलता बोलता तो थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"आणि वाट बघत असेल, तर कितीही भारी चिप लावली तरी उपयोग नाही," त्रिशला म्हणाली. "ज्याची वाट बघतोय तो यावा लागतो. आई दमते ती पल्लवीशी बोलताना. ते हलकं कर. माझ्यासाठी चिप लागत नाही."

"तुमच्याशी त्या सरकारी बोलतील, ताई. कायमचं."

"माहीत आहे."

"परत विचार करा."

"लवकर लाव रे बाबा," त्रिशला म्हणाली. "विचार केला तर बदलेल माझा."

*

चिप बसली. पेटी गेली, वायर गेली, उशाशी एक चौकोनी रिकामी जागा उरली. घरी आल्यावर त्रिशलाने आईला टेकवून बसवलं तेव्हा आई तिच्याकडे बघून म्हणाली, "नमस्कार. कृपया पाणी द्यावे."

तिने पाणी गाळून दिलं. "आभारी आहे," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं, पण कानामागच्या चिपमधून आलं ते एवढंच.

चहाच्या वेळी फोन वाजला. आता पंखा नव्हता, त्यामुळे सूचना नव्हती; एकदम आईचं हसणंच कानावर आलं. मोकळं, न दमलेलं. "अगं टवळे, एवढ्या उशिरा होय फोन?" स्वयंपाकघरात त्रिशलाचा हात कणकेत तसाच राहिला. टवळे. या घरात राहून हा शब्द आता तिच्या वाट्याला कधी येणार नव्हता. जळजळ कुठे गेली नव्हती. होती तिथेच होती.

हात धुऊन, फोन घेऊन ती दाराबाहेर गेली आणि पल्लवीशी बोलली.

"तिला कशी आहेस म्हणून विचारू नकोस."

"का गं अक्का?"

"त्याचं उत्तर द्यायला तिला फार कष्ट पडतात. जेवलीस काय, विचार. आमटी कशी झाली होती, विचार. आणि हात दुखतो म्हणाली तर म्हणू दे. रडलीस तरी चालेल."

"तुझ्याशी बोलते ना गं ती?" पल्लवीने विचारलं.

"बोलते की," त्रिशला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर उभं राहून तिने नवा नियम घेतला. सोडायचं काही नाही. संध्याकाळच्या जेवणानंतर, मौन सुटल्यावर, कानात काही न घालता आईसमोर बसायचं.

त्या संध्याकाळी ताटं उचलून ती पलंगापाशी आली आणि बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आपला आवाज येत आहे," आई म्हणाली. "बोला."

तेव्हा त्रिशला बोलायला लागली. पाटलांचं फाटक शेवटी आज पडलं. तेल कोमट करून लावायला वहिनींना सांगितलंय. आमटी आता दोन पातेल्यांत करते, आजची तुला खारट तर नाही ना झाली? आणि मग, आवाज अजून खाली आणून, चहाच्या वेळी हातातली कणीक कशी तशीच राहिली ते. पंख्याचं. रेघेचं. लहानपणी अंधारात आई नेमकी कोणाकडे बघून गोष्ट वाढवायची, त्याचं.

आई ऐकत होती. मध्येच एखादं "समजले", एखादं "पुढे बोला". काउंटरवरच्या बाईसारखं.

त्रिशलाचं बोलून झालं. बाहेर अंधार उतरला होता. आता उठावं म्हणून तिने गुडघ्यावर हात टेकला.

"तीन मिनिटं झाली आहेत," आई म्हणाली.

त्रिशला थांबली. हे कुठल्याच शाखेतलं नव्हतं. परक्या माणसांना उभा जन्म म्हटलेलं हे वाक्य. ते साध्या भाषेतच पडून होतं, तिथून कोणी ते छाटलं नव्हतं. आवाज अगदी सरकारी होता. आईचे डोळे मात्र हसत होते, आणि खोलीत धाकटी नव्हती. आई नेमकी हिच्याकडेच बघत होती.

"वाढवायचं का?"

त्रिशला पुन्हा मांडी घालून बसली.

"वाढवा, बाई," ती म्हणाली.